क्रॅटमची हिरवी भुकटी : नफ्याचा माल की गळ्यातला फास?

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. ग्रे कापडाचा तागा हातात आला की सूत कोणत्या काउंटचे आहे आणि बाणा कुठे सैल सुटला आहे, हे चिमटीतच कळते. परंतु गेल्या वर्षी माझ्या भाच्याने दुकानाच्या गादीवर एक पाकीट आणून ठेवले आणि माझी सारी पारख तिथेच थांबली. पाकीट चकचकीत, त्यावर पानाचे चित्र, आत मेंदीसारखी बारीक हिरवी भुकटी. चव जिभेला लावताच कडू जहर.

"मामू, याला क्रॅटम म्हणतात. अमेरिकेत किलोकिलोने खपतो. झाडाचे पान आहे, केमिकल काही नाही. एजन्सी घेऊ का?"

हा भाचा ओढण्या आणि स्कार्फच्या कापडासाठी बँकॉकच्या फाहुरत आणि सांपेंग बाजारात वर्षातून दोन-तीन फेऱ्या मारतो. तिथे भेटलेल्या एका इंडोनेशियन दलालाने त्याला एक किलो नमुना दिला होता आणि काही रक्कम आगाऊही घेतली होती. म्हणजे माझा सल्ला विचारणे नावापुरतेच होते. पण ज्यांनी यंत्रमागाची मंदी पाहिली आहे, ज्यांच्या लूम आठवड्यातून तीन दिवस बंद राहिल्या आहेत, त्यांना त्याचा मोह समजेल. मी त्याला रागावलो नाही. "बेटा, महिनाभर थांब," एवढेच म्हणालो.

माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या कापडवाल्याने झाडपाल्यावर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु माल घेण्याआधी त्याची कूळकथा काढणे हे तर आमचे रोजचेच काम. त्या चौकशीत जे हाती लागले ते व्यापारी बंधू आणि कारागीर भावांपुढे ठेवत आहे, कारण असे नमुने केवळ माझ्याच भाच्याकडे येत असतील असे नाही.

मजुराचे पान

क्रॅटम हे कॉफीच्या कुळातले झाड. शास्त्रीय नाव मिट्राजायना स्पेसिओसा. थायलंडचा दक्षिण भाग, मलेशिया, बोर्निओ आणि न्यू गिनी येथील दमट, नदीकाठच्या जमिनीत ते वाढते. पाने मोठी व तुकतुकीत, शिरा हिरवट किंवा लालसर, फुले पिवळी आणि गोल गेंदासारखी. थायलंडात त्याला क्राथोम म्हणतात आणि मलेशियात केतुम. आपल्या रानातला कळंब हा याच जातकुळीतला, म्हणजे चुलतभाऊ म्हणा. परंतु चुलतभावाच्या कागदावर आपली सही चालत नाही. कळंबाच्या सालीचा किंवा पानांचा उपयोग आपल्याकडे पूर्वीपासून आहे म्हणून क्रॅटमही आपलेच जुने औषध ठरते, असा जो युक्तिवाद दलालाने माझ्या भाच्याला शिकवला होता, तो खोटा आहे. दोन्हींतील द्रव्ये वेगळी आहेत.

दक्षिण थायलंड आणि उत्तर मलेशियात हे पान मजुराचे पान आहे. पहाटे रबराच्या झाडांना चिरा देणारे, उन्हात भातलावणी करणारे, रात्री समुद्रात जाळी टाकणारे लोक दोन-चार ताजी पाने घेतात, मधली शीर काढून टाकतात आणि चावतात. वरून गरम पाणी किंवा कॉफी. मलेशियात पाने उकळून त्याचा काढा पितात. आपल्याकडचा हमाल तंबाखू मळतो किंवा चहा मारतो, त्यातलाच हा प्रकार. थकवा हटतो, ऊन सोसते, अंगदुखी कमी होते. गावठी उपचारात हगवण, खोकला आणि ताप यांवरही ते देत. अफूचे व्यसन सोडवण्यासाठी अफूच्या जागी हे पान देण्याची पद्धतही जुनी आहे. थायलंड आणि मलेशियातील मुस्लिम खेड्यांत दारूला थारा नाही, तिथे हे पान फारसे वाईट मानले जात नसे.

आता व्यापाऱ्याला रस वाटावा अशी एक गोष्ट. थायलंडने १९४३ साली क्रॅटमवर बंदी घातली. कारण काय? आरोग्य नव्हे. त्या काळी अफूच्या विक्रीवर सरकारला मोठा कर मिळत असे. अफू महागली तसे गिऱ्हाईक या फुकटच्या पानाकडे वळू लागले आणि खजिन्यात खोट आली. म्हणून पानावर बंदी! पुढे १९७९ च्या अमली पदार्थ कायद्यातही ते गेले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये थायलंडने हे पान त्या यादीतून काढले आणि २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना ते विकता येत नाही. आज थायलंडात रस्त्याच्या कडेला पानांच्या जुड्या उघड विकतात. भाच्याने त्याच पाहिल्या आणि त्याला वाटले की साऱ्या जगात रस्ता मोकळा झाला.

पानात आहे तरी काय

या पानातील मुख्य द्रव्य मिट्राजायनिन. ते १९२१ साली वेगळे काढण्यात आले. दुसरे द्रव्य सेव्हन-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन, जे पानात अगदी नाममात्र असते, पण जोर त्याचा कितीतरी पट जास्त. अफू मेंदूत ज्या ठिकाणी जाऊन बसते त्याच ठिकाणी ही द्रव्येही जाऊन बसतात. म्हणून दुखणे कमी वाटते. गंमत अशी की थोड्या मात्रेत हे पान तरतरी आणते आणि जास्त मात्रेत गुंगी. एकाच मालाचे दोन गुण, आणि हद्द कुठे ओलांडली हे खाणाऱ्याला कळत नाही.

वेदना कमी होतात ही नुसती अफवा नाही. पेनांगच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली २६ नियमित केतुम पिणाऱ्या पुरुषांवर रीतसर प्रयोग केला. बर्फासारख्या थंड पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो हे मोजले. केतुम प्याल्यावर हा वेळ सुमारे ११ सेकंदांवरून सुमारे २५ सेकंदांवर गेला. अमेरिकेत अनेक लोक असेही सांगतात की दुखण्यावरच्या अफूजन्य गोळ्यांचे व्यसन त्यांनी याच भुकटीच्या आधाराने सोडले. तिथल्या अमली पदार्थ खात्याने ऑगस्ट २०१६ मध्ये बंदीची घोषणा केली, तेव्हा लोकांचा एवढा विरोध झाला की ऑक्टोबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०२१ मध्ये जागतिक बंदीच्या दिशेने पुढे जाण्याइतका पुरावा नाही, मात्र नजर ठेवावी, असाच निर्णय दिला. तेव्हा या पानाला मी सैतान म्हणणार नाही. आमच्या मंडळींत एखादी वस्तू कळली नाही की तिला शिव्या देऊन मोकळे होण्याची खोड आहे, ती मला पसंत नाही.

पण आता दुसरी बाजू, आणि ती मी पुस्तकातून नव्हे तर डोळ्यांनी पाहिली.

भाच्याकडील नमुन्यातली भुकटी आमच्या ओळखीच्या एका जॉबरच्या हाती लागली. चाळिशीचा, प्रामाणिक माणूस. बारा तासांची रात्रपाळी, लूमखाली वाकून वाकून कंबर धरलेली. पहिल्या आठवड्यात त्याने चमचाभर भुकटी पाण्यातून घेतली आणि खूश झाला. "सेठ, पंचवीस वर्षांची कंबर परत आली," म्हणाला. चौथ्या आठवड्यात एक चमचा पुरेना, दोन झाले. नंतर दिवसातून तीनदा. पोट धरले, तोंड कोरडे, भूक गेली. पण काम दुप्पट होत होते म्हणून मालकही खूश. दोन महिन्यांनी नमुना संपला. दुसऱ्याच दिवशी नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे फुटल्यासारखी, रात्र रात्र झोप नाही, घरात लेकरांवर ओरडणे. घरच्यांना वाटले करणी झाली. डॉक्टरांनी विचारले, "काय घेत होतास?" तो म्हणाला, "काही नाही, जडीबुटी." पाकीट दाखवल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आले. सावरायला दहा-बारा दिवस लागले आणि त्या दिवसांची मजुरी बुडाली.

थायलंडात १९७५ साली एका डॉक्टरांनी तीस जुन्या सेवनकर्त्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात हीच लक्षणे आहेत : भूक मंदावणे, वजन घटणे, मलावरोध, झोप न लागणे, गालाची कातडी काळवंडणे आणि सोडल्यावर अंगदुखी व चिडचिड. त्यांच्यावर पुढच्या काळातील वैद्यकांनी आणखी भर घातली आहे. काहींना यकृताचा विकार होऊन कावीळ होते, काहींना फेफरे येते, हृदयाचे ठोके वाढतात. गरोदर स्त्रीने घेतले तर बाळ जन्मताच व्यसनाच्या ओढीने तडफडते. आणि महत्त्वाचे हे की शरीरात इतर औषधे पचवणाऱ्या यंत्रणेला हे द्रव्य अडवते. मानसिक आजाराच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा अंश रक्तात साठत जातो. तेव्हा डॉक्टरांपुढे "फक्त जडीबुटी" म्हणून गप्प बसणे जिवावर बेतू शकते.

एका नावाचे तीन माल

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. क्रॅटम या एका नावाखाली बाजारात तीन वेगळे माल आहेत आणि दलाल पहिल्याचे गुण सांगून तिसरा विकतो.

पहिला माल म्हणजे ताजे पान. मजूर ते आपल्या हाताने तोडतो, चावतो, कडवटपणामुळे फार खाऊ शकत नाही. दुसरा माल म्हणजे सुकवलेल्या पानांची भुकटी. ती पश्चिम कालिमंतानमधील कापुआस हुलू भागातून येते. रबराचे भाव कोसळल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी क्रॅटम लावला आणि आज हजारो घरे त्यावर चालतात. त्यांची मोठी बाजारपेठ अमेरिका. ही भुकटी कॅप्सूलमध्ये भरली की कडूपणा संपतो आणि त्याबरोबर निसर्गाचा लगामही संपतो. तिसरा माल म्हणजे अर्क. पानातले द्रव्य आटवून, किंवा ते नाममात्र असलेले दुसरे द्रव्य कारखान्यात मुद्दाम वाढवून, त्याच्या गोळ्या, चघळायच्या वड्या आणि छोट्या बाटल्या करतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच तिसऱ्या मालावर अमली पदार्थासारखे नियंत्रण आणण्याची शिफारस केली, आणि आपला रोख नैसर्गिक पानावर नसल्याचेही स्पष्ट केले. ऊस आणि दारू यांत जो फरक, तोच इथे समजा.

भुकटीच्या जातींचीही गंमत ऐका. लाल शीर, हिरवी शीर, पांढरी शीर, बाली, मेंग दा, ग्रीन मलय अशी नावे पाकिटावर असतात आणि प्रत्येकीचा भाव वेगळा. पण बाली नावाचा मालही बहुधा बोर्निओतूनच येतो, आणि रंगातला फरक पुष्कळसा सुकवण्याच्या पद्धतीचा असतो. एकाच ग्रे कापडाचे पाच ताग्यांत पाच रंग करायचे आणि पाच नावांनी विकायचे, हे आम्ही कापडवाल्यांनी काय नवीन पाहिले आहे? फरक एवढाच की कापडाचा रंग गेला तर गिऱ्हाईक भांडते. इथे गिऱ्हाईक दवाखान्यात जाते.

भेसळीची उदाहरणे नोंदलेली आहेत. स्वीडनमध्ये क्रिप्टॉन नावाने विकल्या गेलेल्या भुकटीत ट्रॅमाडॉल या वेदनाशामकापासून तयार होणारे एक जालीम द्रव्य मिसळले होते. सुमारे वर्षभरात नऊ माणसे गेली, आणि हे प्रकरण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत २०१८ साली क्रॅटमच्या मालातून साल्मोनेला जंतूंची साथ पसरली : ४१ राज्ये, १९९ रोगी. पाने उघड्यावर, जमिनीवर वाळवली जातात, त्यावर पाखरे आणि जनावरे फिरतात, मग दुसरे काय होणार! लास व्हेगासच्या एका कंपनीने माल परत घेण्यास टाळाटाळ केली, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाने आपल्या अधिकारात सक्तीने माल मागे घेण्याचा पहिलाच आदेश काढला. त्याच सुमारास तपासलेल्या काही मालात शिसे आणि निकेल हे धातूही जास्त सापडले.

मृत्यूंबद्दल दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने बोलतात, म्हणून आकडे देतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळातील अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने झालेले २७,३३८ मृत्यू तपासले. त्यांत १५२ जणांच्या शरीरात क्रॅटम सापडला. ९१ जणांत तो मृत्यूचे एक कारण धरला गेला, आणि केवळ क्रॅटमच सापडला असे सात. म्हणजे एकटे पान क्वचित मारते, मिश्रण जास्त मारते. बहुतेक ठिकाणी सोबत फेंटानिलसारखे दुसरे द्रव्य होते.

हे मिश्रण ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण दक्षिण थायलंडच्या मुस्लिमबहुल जिल्ह्यांत तरुण मुले नेमके हेच करतात. पानांचा काढा, खोकल्याचे औषध, कोला आणि चौथी एखादी वस्तू, कधी झोपेची गोळी. या पेयाचे नाव चार-शंभर, धावण्याच्या रिले शर्यतीवरून. दारू नाही म्हणून घरचेही निर्धास्त. आमच्या मालेगाव-भिवंडीत खोकल्याचे कोडीनवाले सिरप आणि कुत्ता गोलीने किती घरे पोखरली, हे मी सांगायला नको. तिथे ही हिरवी भुकटी येऊन मिळाली तर काय होईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कायद्याचा ताळेबंद

भाच्याला मी सर्वात आधी कायदाच दाखवला, कारण आरोग्याच्या गोष्टी तरुणांच्या कानात शिरत नाहीत, दंडाच्या शिरतात.

मलेशियात मिट्राजायनिन विष कायद्याखाली आहे. दहा हजार रिंगिटपर्यंत दंड, चार वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हाट याईहून पेनांगला जाताना थायलंडातले उघड विकलेले पान खिशात राहिले तर सीमेच्या पलीकडे तो गुन्हा. सिंगापुरात आणि ऑस्ट्रेलियात बंदी आहे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने विक्री बेकायदा ठरली. इंडोनेशियात तर विचित्र प्रकार : २०१६ सालापासून तिथल्या औषध प्रशासनाने देशात पूरक आहारात किंवा पारंपरिक औषधात हे वापरण्यास मनाई केली आहे, पण परदेशी पाठवण्यास परवानगी. २०२४ मध्ये कच्च्या पानांची निर्यात बंद करून फक्त प्रक्रिया केलेला माल परवान्याने सोडण्याचे नियम आले. जो माल विकणारा आपल्या घरात खाऊ देत नाही तो दुसऱ्याला विकतो, त्या मालाविषयी मला तरी शंका येते.

अमेरिकेत देशभर बंदी नाही म्हणून व्यापारी फसतात. तिथले अन्न व औषध प्रशासन क्रॅटमला कायदेशीर पूरक आहार मानत नाही. त्याच्या आयात-इशाऱ्यामुळे बंदरात माल न तपासताही अडवून ठेवता येतो. अलाबामा आणि आर्कान्सामध्ये २०१६ पासून बंदी, लुइझियानात २०२५ पासून. युटाने मात्र २०१९ मध्ये परवाना आणि तपासणीचा कायदा केला. आणि २०२३ साली फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने एका मृत महिलेच्या कुटुंबाला क्रॅटम विकणाऱ्याने एक कोटी दहा लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यावी, असा हुकूम दिला. आपल्या पेठेतल्या किती दुकानदारांची सात पिढ्यांची कमाई तेवढी होईल?

आपल्या देशात खाद्यपूरक म्हणून वस्तू विकायची तर तिच्यातील घटक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मान्य यादीत असावे लागतात. क्रॅटम त्या यादीत नाही. आयुर्वेदिक किंवा युनानी म्हणून परवाना घ्यायचा तर औषध कायद्यातील यादीत दिलेल्या ग्रंथांचा आधार लागतो, आणि हे झाड आपल्याकडचे नाही. वनस्पतीचा माल बाहेरून आणायचा तर वनस्पती संगरोधाची परवानगी वेगळी. दलाल म्हणाला होता, "हर्बल पावडर, खाण्यासाठी नाही, असे लिहून आणा." म्हणजे कागदावर एक आणि गिऱ्हाइकाच्या पोटात दुसरे. मालातला ऐब लपवून विकणे याला आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी व्यापार म्हटले नाही.

आणि आखातात जाणाऱ्या भावांसाठी एक शब्द. दुबईला घरची खसखस नेल्याने लोक अडचणीत आलेले आहेत. कोणी ओळखीचा "कंबरेचे औषध आहे, अमक्याला द्या" म्हणून हिरवी पुडी देऊ लागला तर ती घेऊ नका.

भाच्याने दलालाला मी सांगितले तसे पत्र पाठवले : प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा दाखला, जंतू आणि धातूंची तपासणी, दोन्ही द्रव्यांचे प्रमाण, आणि मालाच्या नावाने स्वच्छ बिल. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात एक दाखला होता, पण त्यावरचा लॉट क्रमांक आमच्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. भाच्याने आगाऊ रक्कम परत मागितली आहे, ती अजून आलेली नाही. जॉबर पुन्हा रात्रपाळीला जातो, कंबरेसाठी सरकारी दवाखान्यातून व्यायाम शिकून आला आहे, आणि लूमखाली वाकायला त्याने एक बुटका स्टूल करून घेतला आहे.